विंगेतून : आरसा काढून ठेव

गेल्या अंकात ऑडिशनबद्दलचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं नौपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरून दोन रविवार वाचत बसले. बहुतेकांचा प्रश्न भीतीचाच आहे. कुणाला ती घशात जाणवते, कुणाला पोटात. पाच पत्रं निवडली आहेत, नावं छापत नाही. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी एकवीस वर्षं व्यावसायिक नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला विंगेत बसून नटांना विसरलेला शब्द सांगितला, मधूनमधून छोट्या भूमिका केल्या आणि गेली चौदा वर्षं ठाण्यात मुलामुलींची वाचनं आणि तालमी घेते. इथे लिहिते ते विंगेत बसून पाहिलेलं आहे.

ताई, मी ऐरोलीला राहते, तिथेच माइंडस्पेसमध्ये बॅक-ऑफिसला काम करते. वय २३. कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्या, एकदा अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मालिकांसाठी आतापर्यंत चार ऑडिशन्स दिल्या. घरी आरशासमोर सगळं चोख होतं. तिथे ‘ॲक्शन’ म्हटलं की तोंड कोरडं पडतं, बोटं गार होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला पाटी कोरी. मागच्या वेळी तीनदा ‘सॉरी’ म्हणून थांबले. ते ‘कळवतो’ म्हणाले. तीनशे माणसांसमोर न घाबरणारी मी एका कॅमेऱ्याला का घाबरते? माझ्यात काही कमी आहे का?

तुझ्या पत्रातल्या ‘आरशासमोर’ या शब्दापाशी मी थांबले. तिथूनच सुरुवात करते.

प्रॉम्प्टरची जागा तू पाहिली नसशील. गडकरी रंगायतनच्या विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता, कापडाने झाकलेला एवढासा बल्ब. प्रेक्षकांना नट समोरून दिसतो, मला तो बाजूने दिसायचा. मानेची ताठलेली शीर, पाठीमागे एकमेकांत अडकवलेली बोटं. एखाद्याचा शब्द जाणार हे मला दोन-तीन सेकंद आधी कळायचं. समोरचं पात्र बोलत असताना याची नजर त्याच्या चेहऱ्यावरून निसटायची आणि मध्येच कुठेतरी हवेत थांबायची. तो आपलं पुढचं वाक्य शोधायला आत गेलेला असायचा. समोरच्याचं वाक्य संपायचं, पण ते याच्या कानावर पडलेलंच नसायचं. मग याचं वाक्य कशाला धरून येणार? प्रयोगानंतर चहा पिताना मी काही जणांना विचारलंही, की तुमचा शब्द गेला त्याच्या आधी समोरचा काय म्हणाला होता? शंभर प्रयोग केलेल्या नाटकातलं वाक्य, पण त्या रात्रीपुरतं त्यांना ते सांगता यायचं नाही.

आता तुझा आरसा. आरशासमोर तालीम करताना तू रोज एकच गोष्ट पक्की करतेस, ती म्हणजे बोलता बोलता स्वतःकडे बघणं. भुवई नीट उचलली गेली का, रडताना तोंड वेडंवाकडं होतंय का. ऑडिशनच्या खोलीत आरसा नसतो, पण ही सवय तुझ्याबरोबर आत येते. लेन्सची काच दिसली की तू तिच्यात स्वतःला शोधू लागतेस आणि त्याच क्षणी ऐकायचं सुटतं. एकांकिकेत असं झालं नाही, कारण तिथे समोर तुझा मित्र उभा होता आणि दोन महिने तालमीत त्याच्या डोळ्यांत बघून तू बोललेली होतीस. ऑडिशनला कॅमेऱ्याशेजारी एक असिस्टंट बसलेला असतो. सकाळपासून कितीतरी जणांना तीच वाक्यं वाचून दाखवून तो दमलेला असतो आणि सपाट आवाजात वाचतो. त्याच्याकडून काही मिळत नाही, म्हणून तू आत वळतेस. तुझ्यात कमी काही नाही. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस त्या खोलीत नाही, आणि तो तुला घरून बरोबर न्यावा लागेल.

जुन्या संगीत नाटकांच्या काळात नटाच्या हातात ‘नक्कल’ यायची, म्हणजे त्याच्या वाट्याची वाक्यं उतरवलेले कागद. बाकीचं नाटक तालमीत कळायचं. ऑडिशनला व्हॉट्सॲपवर येणारं पान त्याहून तुटक असतं. मागचं माहीत नाही, पुढचं माहीत नाही, आणि तालीमही नाही. तेव्हा ते पान आल्यावर वाक्यांना हात लावायच्या आधी तीन गोष्टी ठरव. मी कोणाशी बोलतेय, मला त्याच्याकडून काय हवंय, आणि आत्ताच, माझ्या पहिल्या वाक्याच्या आधी, काय घडलंय. समज, प्रसंग असा आहे की मुलगी वडिलांना सांगते, हे लग्न मी करणार नाही. ‘वडील रागीट आहेत’ एवढं ठरवून भागत नाही. त्यांनी आत्ता चहाचा कप एक घोटही न घेता खाली ठेवलाय, हे ठरव. तो कप कुठे ठेवलाय तेही ठरव. तो तुला दिसू लागला की डोळे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरत नाही. आणि असिस्टंट सपाट वाचतोय ना? मग तुझे बाबा आज तुझ्याकडे लक्षच देत नाहीयेत. त्यांनी एकदा मान वर करून तुझ्याकडे बघावं म्हणून बोल. माझ्याकडच्या एका मुलीला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मग तो माणूस माझा शत्रू राहिलाच नाही.’

पाठांतराची रीतही बदल. आधी समोरच्याची वाक्यं पाठ कर, मग तुझी. आणि पाठ करताना चाल लावू नकोस, पाढे म्हणतो तसं कोरडं म्हण. वाक्य एका चालीत बसलं की चाल मोडताच शब्दही जातो, आणि ऑडिशनला चाल हमखास मोडते. ‘जरा रागात करा’, ‘आता हसत करा’ असं ते सांगतातच. पोळ्या लाटताना म्हण, ऐरोली-ठाणे गाडीत दाराशी उभी राहून मनात म्हण, तलावपाळीला दोन फेऱ्या मारताना म्हण. हात-पाय दुसऱ्या कामात असताना वाक्य आपोआप आलं तरच ते पाठ झालं असं धर. रात्री झोपण्यापूर्वी शेवटचं एकदा म्हणून झोप. झोपेत पाठांतर पक्कं होतं, म्हणून ऑडिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण सगळ्यात महागात पडतं.

तोंड कोरडं पडणं, बोटं गार होणं, हे भित्रेपणाचं लक्षण समजू नकोस. धोका वाटला की अंगात ॲड्रेनलिन सुटतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार होतात, आणि लाळ कमी होते. नट बोलायला निघालाय की वाघापासून पळायला, हे शरीराला वेगळं कळत नाही. त्याला ‘शांत हो’ म्हणून ते ऐकत नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. नाकाने चार मोजत आत घे आणि तोंडाने सात-आठ मोजत हळू सोड, मेणबत्ती न विझवता ज्योत फक्त वाकवायची असावी तसा. सोडताना जास्त वेळ लागला पाहिजे, कारण श्वास सोडतानाच हृदयाचे ठोके मंदावतात. असे सहा-सात श्वास पुरतात. पाणी घोट घोट पी, बाटली रिकामी करू नकोस.

आणखी एक सांगते, मला ते फार पटलं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषण द्यायच्या आधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं मोठ्याने म्हणायला लावलं, काहींना ‘मी उत्साहात आहे’ असं. ‘उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. धडधड तीच राहते, आपण तिला कोणत्या नावाने हाक मारतो त्याने फरक पडतो. तिसरी घंटा झाल्यावर विंगेत उभ्या नटाला मी कधी ‘घाबरू नका’ म्हटलं नाही. ‘चला’ म्हणायचे.

प्रत्यक्ष त्या दिवशी ठाणे, घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे ऑडिशन्स होतात ते आराम नगर, असा तुझा रस्ता असेल. नेहमीच्या हिशेबापेक्षा दोन गाड्या आधीची पकड. पोचल्यावर नाव लिही आणि बाहेर ये. आत बाकावर दहा मुली तेच वाक्य दहा तऱ्हांनी पुटपुटत असतात, ते कानात भरून घेऊ नकोस. ‘इंट्रो’ला, म्हणजे नाव, वय, उंची, कुठे राहता, आधी काय केलं, याला कुणी महत्त्व देत नाही. माझ्या मते खरी ऑडिशन तिथेच सुरू होते, कारण तेव्हा बोलणारी तू असतेस, पात्र नसतं. तीही वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघ. शेजारच्या काकूंनी विचारल्यावर सांगावं तशी. डावी बाजू, उजवी बाजू, हात दाखवा, हे सगळं सावकाश कर.

आवाजाचं म्हणशील, तर एकांकिकेत तू शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत होतीस. इथे शेवटची रांग चार फुटांवर आहे. आवाज तिथपर्यंतच जाऊ दे, मनातला जोर मात्र कमी करू नकोस.

आणि ‘सॉरी’ म्हणू नकोस. शब्द गेला तर तिथेच, त्या मुलीच्या जागीच थांब, असिस्टंटकडे बघ आणि त्याचं शेवटचं वाक्य मनात आण. दोन सेकंद तुला दोन मिनिटांसारखी वाटतील. बघणाऱ्याला ती मुलगी विचार करताना दिसेल. अगदीच नाही आलं तर ‘मी पहिल्यापासून घेते’ एवढंच म्हण आणि घे. परवानगीच्या सुरात नको, माफीच्या तर नकोच.

हे मी इतकं लांबवून लिहिते आहे त्याला कारण आहे. १९९१ साली, पंचवीस वर्षांची असताना, एका मोठ्या नाटकाच्या निवडीसाठी मी वाचनाला गेले होते. आठ दिवस रात्रंदिवस पाठ केलं होतं. समोरच्या ज्येष्ठ अभिनेत्रीने तिच्या वाक्यातला एक शब्द बदलला, एकच शब्द, आणि माझ्या तोंडून काही फुटेना. दिग्दर्शकांनी पुढच्या मुलीला हाक मारली. अभिनय आपल्यात नाही असं धरून चालत मी दोन वर्षं काढली. नाटकाच्या जवळ तरी राहू म्हणून प्रॉम्प्टिंग घेतलं. विंगेतल्या त्या स्टुलावर, रोज दुसऱ्यांची वाक्यं ऐकता ऐकता मला कळलं की त्या दिवशी मी तिचं वाक्य ऐकत नव्हते, ते संपायची वाट बघत होते. ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर ती दोन वर्षं वाचली असती. तू वाया घालवू नकोस. आजपासून आरशावर टॉवेल टाक आणि समोर आईला बसव.

ताई, वर्तकनगरला वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण राहतो. मी मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे. आता बहुतेक ठिकाणी आधी व्हिडिओ करून पाठवा असं सांगतात. स्क्रिप्ट रात्री येते, सकाळी दहापर्यंत हवं असतं. घरच्यांसमोर करायची लाज वाटते. बाबा पेपर वाचत बसलेले असतात, मी त्यांच्यासमोर प्रेमाचे संवाद कसे म्हणू? पंचवीस-तीस टेक होतात आणि शेवटी पहिलाच पाठवतो. (वय २६)

पहिलाच पाठवतोस, म्हणजे तुला बरं-वाईट कळतं. पुढच्या वेळी तीनच टेक घे. मोजून तीन. तिसरा झाला की फोन खाली ठेवायचा, हात-पाय धुवायचे आणि मगच तिन्ही बघायचे. तीस टेक घेणारा माणूस आठव्या टेकनंतर अभिनय करत नसतो, चुका टाळत असतो, आणि ते डोळ्यांत दिसतं.

जागेचं बघू. फोन आडवा धर, त्यांनी उभा मागितला असेल तरच उभा. डोळ्यांच्या उंचीला ठेव. ओट्यावर डबे रचून ठेवलास तरी चालेल, हातात धरलेला नको. छातीपासून वर दिसशील इतकं अंतर राहू दे. पाठीमागे मोकळी भिंत. खुंटीवरचे कपडे आणि कॅलेंडर काढ, नाहीतर बघणारा कॅलेंडरच वाचत बसतो. उजेड तुझ्या तोंडावर हवा. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभा राहा, रात्री ट्यूबलाइटकडे. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा येतो.

आवाजाकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि चित्र थोडं मळकट चालतं पण आवाज नाही चालत. पंखा बंद. फ्रीजही बंद, आणि बंद केलास की घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेव. शूटिंगवाले असंच करतात. किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रीज सुरू करायचं राहत नाही. कुकर लागायच्या आधीची वेळ आईला विचारून ठरव. तुमच्याकडे पाण्याची वेळ सकाळची असेल तर ती टाळ. मला वाटतं साडेसहा-सातची वेळ तुला बरी पडेल, कोवळा उजेड असतो आणि रस्ता शांत असतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवलास तर त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हची लिंक दे, आणि ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते बघून मग दे. फाइलला तुझं नाव आणि भूमिकेचं नाव दे. असल्या गोष्टींसाठी काम मिळत नाही, पण असल्या गोष्टींपायी व्हिडिओ न उघडता राहतो.

आता लाजेचं. समोरची वाक्यं कोण वाचतं, ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं कुणीच वाचत नाही, तू मध्ये गप्प राहून अंदाजाने थांबतोस. हा फार मोठा तोटा आहे. वरच्या पत्राचं उत्तर वाचलंस तर का ते कळेल. म्हणून माझं सांगणं असं, की बाबांना वाचायला सांग. पेपर बाजूला ठेवा, माझ्यासाठी पाच मिनिटं हे वाचा, एवढंच म्हण. त्यांना फोनच्या अगदी शेजारी बसव, म्हणजे तुझी नजर लेन्सजवळ राहील, आणि फोन त्यांच्या तोंडाशी असल्यामुळे हळू आवाजात वाचायला सांग. प्रेमाचा संवाद असेल तर पहिल्यांदा दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. दुसऱ्यांदा कमी होईल. कास्टिंगच्या खोलीत अनोळखी पुरुषासमोर हेच करायचं आहे, आणि आपल्या वडिलांसमोर जो करू शकला त्याला ती खोली जड जात नाही. माझ्याकडे एका मुलाचे वडील आता मुलाला विचारतात, ‘आज काही आलं का वाचायला?’ आधी त्या घरात या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

माझी मैत्रीण ऑडिशनच्या आधी धडधड थांबायची एक गोळी घेते. तिने मलाही दिली आहे. घेऊ का? (ठाणे पश्चिम)

नको. वर्णनावरून ती बीटा ब्लॉकर गटातली गोळी असावी, म्हणजे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना देतात ती. जगभरात काही वादक, गायक प्रयोगाआधी ती घेतात हे खरं आहे, पण डॉक्टरांनी तपासून दिल्यावर. दमा असणाऱ्याला ती धोक्याची असते आणि आधीच रक्तदाब कमी असेल तर चक्कर येऊ शकते. तुझी धडधड रोजच्या जगण्यातही थांबत नसेल, ऑफिसात, गाडीत, झोपेतही होत असेल, तर डॉक्टरांकडे अवश्य जा. त्यात कमीपणा नाही. मैत्रिणीची गोळी मात्र तिला परत दे.

मी खारघरला राहते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, सगळे म्हणतात तिने टीव्हीवर यायला हवं. दोन ऑडिशन्सना नेलं, दोन्ही वेळा निघताना तिला उलटी झाली. आता एका ठिकाणी नोंदणी आणि पोर्टफोलिओचे मिळून १५ हजार मागितले आहेत, काम नक्की मिळेल म्हणतात. तिची भीती कशी घालवू?

आधी पैशांचं. ऑडिशन द्यायला पैसे पडत नाहीत. कलाकार शोधणाऱ्याचा मोबदला निर्माता देतो. काम ‘नक्की’ मिळेल असं सांगून जो आधी पैसे घेतो, त्याच्याकडे द्यायला काम नसतं. देऊ नका. मुलाचे साधे, बिनमेकअपचे चार फोटो तुमच्या फोनवर काढलेले पुरतात. मुलं दर सहा महिन्यांनी बदलतात, महागडा पोर्टफोलिओ वर्षात जुना होतो.

आता मुलीचं. तुम्ही प्रेमाने विचारलं आहे हे मला दिसतं, म्हणून सरळ लिहिते. मोठ्यांना मी भीती बरोबर घेऊन काम करायला सांगते, कारण तिथे जायचं त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. तुमच्या पत्रात ‘सगळे म्हणतात’ असं आहे. ती काय म्हणते, ते नाही. उलटी हेच तिचं म्हणणं असेल.

बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली दुरुस्ती झाली, तिच्यात चित्रीकरणात काम करणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या अटी आहेत. मुलाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही. दिवसाला पाच तासांहून जास्त नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायचीच. सलग २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. पुढेमागे ती खरोखर काम करू लागली तर हे तुम्हाला माहीत असायला हवं, आणि समोरच्याला ते विचारायची तुमची तयारी हवी.

सध्या ऑडिशन बंद करा. तिला नाटक दाखवा. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह तुम्हाला जवळ आहे, सुट्टीत बालनाट्यं लागतात. प्रयोग संपल्यावर घरी येऊन ती पडद्याआडचा राक्षस करते का, तुम्हाला राजा व्हायला लावते का, ते बघा. लावलं तर व्हा राजा. एवढंच करा, वर्षभर.

मी कोपरीत, ठाणे पूर्वेला राहतो. बँकेतून निवृत्त झालो, वय ६२. एका परिचिताच्या सांगण्यावरून जाहिरातीच्या ऑडिशनला गेलो. माझ्यासारखेच पांढऱ्या केसांचे पंधरा जण रांगेत. संवाद नाही, ‘मुलाचा फोन आलाय, ऐका आणि खूश व्हा’ एवढंच. मला काहीच जमेना, हात थरथरायला लागले. बाहेर आल्यावर एकाने ‘नॉट फिट’ म्हटलं. बँकेत चौतीस वर्षं माणसं हाताळली, या वयात अशी भीती का वाटावी?

‘नॉट फिट’ हे त्या धंद्यातले रोजचे शब्द आहेत. त्यांच्या मनात जे आजोबा आहेत त्यांच्याशी चेहरा जुळला नाही, इतकाच त्यांचा अर्थ. जाहिरातीत तर चेहराच आधी बघतात, आई-मुलगी शोभतात का, नवरा-बायको शोभतात का, असं. ते मनाला लावून घेऊ नका.

वयाबद्दल म्हणाल, तर लॉरेन्स ऑलिव्हिए हे इंग्रजी रंगभूमीचे मोठे नट. साठीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडच्या नॅशनल थिएटरचे प्रमुख असताना, त्यांना रंगमंचाची अशी भीती बसली की ती काही वर्षं गेली नाही. बरोबरच्या नटांना ते माझ्या डोळ्यांत बघू नका असं सांगत. त्यांनी स्वतःच हे पुढे लिहून ठेवलं, आणि त्या वर्षांतही ते काम करत राहिले. अनुभवाने भीती जाते असं मीही मानत होते, विंगेतून पाहिलं तेव्हा ते खरं नव्हतं. साठीतल्या नटांच्याही हातातला पाण्याचा ग्लास मी हललेला पाहिला आहे.

‘खूश व्हा’ हे मात्र कुणालाच करता येत नाही. आनंद दाखवायला गेलात की चेहरा ताणला जातो. पुढच्या वेळी फोन कानाला लावा आणि खरंच ऐका. मुलगा काय सांगतोय ते मनात पूर्ण ऐकू द्या, शब्दन् शब्द. ‘बाबा, बदली मिळाली, ठाण्याला येतोय.’ ते वाक्य संपायच्या आत चेहऱ्याला काही करायला लावू नका. आणि बँकेच्या काउंटरवर चौतीस वर्षं तुम्ही रोज शेकडो माणसांचं ऐकून घेतलं आहे. आतापर्यंतच्या सगळ्या पत्रलेखकांत ऐकायचा सराव सगळ्यात जास्त तुम्हालाच आहे.

तुम्हाला एक विचारते. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडची मुलं नौपाड्यात वाचनाला जमतात. त्यांना समोरची वाक्यं वाचायला माणूस लागतो, घाई न करणारा. ऐरोलीच्या मुलीलाही मी शनिवारी ये म्हणून कळवते आहे, तिला ‘बाबा’ हवे आहेत. स्टेशनवरून पश्चिमेला उतरलात की चालत दहा मिनिटं. मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका, म्हणजे घर कळवते. वाचायचा चष्मा तेवढा बरोबर आणा.